तीन पायऱ्या आणि एक गटार

क्वाकू ट्वुम यांचा देवावर विश्वास होता, पण टपालावर किंचित जास्त होता. अफ्रामासेच्या पोस्टात अडतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, तरी गाव त्यांना पोस्टमास्तरच म्हणत असे आणि तेही निमूट ओ देत असत. योग्य मायना घालून, स्वच्छ अक्षरात, बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र असेल तर जगातलं कुठलंही काम व्हायलाच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. झालं नाही, तर पत्रातच काहीतरी कमी राहिलं असणार. मग पुन्हा लिहायचं. या मताला अडतीस वर्षांत कधी धक्का बसला नव्हता, कारण इतकी वर्षं ते दुसऱ्यांची पत्रं पोचवत होते. स्वतःची लिहायची वेळ आली ती थोरल्या बहिणीपायी.

थोरली बहीण म्हणजे मॅडम दोर्कास. निम्म्या गावाला त्यांनी जीवशास्त्र शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यामुळे त्यांना मॅडम म्हणत नाही असं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला आणि चाकांची खुर्ची आली. पायाचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. राहिलेल्या एका पायाची चप्पल मात्र त्या दुप्पट किमतीची घ्यायला लागल्या, आणि विचारलं तर म्हणत की निम्मीच तर लागते. लागलं होतं ते दुसरंच. गावाच्या खालच्या अंगाला सरकारी वनस्पती उद्यान आहे. तिथे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सहाला, म्हणजे गावातले शनिवारचे मयताचे मांडव उभे राहायच्या आत, मॅडम मुलांना निसर्गफेरीला नेत. गावातली मुलं, खालच्या वाडीतली मुलं, अंधशाळेतली मुलं, सगळी एकत्र. न दिसणाऱ्यांनी पान चुरगळून वास घ्यायचा आणि दिसणाऱ्यांना नाव सांगायचं, असा तिथला कायदा. बावीस वर्षं फेरी चालली. मॅडमचा पाय गेला आणि फेरी बंद पडली, कारण उद्यानाच्या फाटकाला तीन पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या पुढ्यात एक उघडं गटार.

एके दिवशी सकाळी मक्याची पेज पिता पिता मॅडम म्हणाल्या, "क्वाकू, फेरी पुन्हा सुरू करणार आहे मी."

पोस्टमास्तरांनी पायऱ्यांची आठवण करून दिली, गटाराची दिली, आणि दोन धट्टीकट्टी माणसं बघून खुर्ची उचलून आत नेता येईल असंही सुचवलं. इथे त्यांचं चुकलं.

"उचलून? मी काय कसाव्याचं पोतं आहे?" मॅडमनी वाटी खाली ठेवली. "मी माझ्या चाकांवर जाईन. नाहीतर जाणारच नाही. आणि मी नाही गेले, तर ती अंधशाळेतली पोरं पण नाही जाणार, हे लक्षात ठेव."

पोस्टमास्तरांनी त्याच दुपारी लेटरपॅड काढलं. पहिलं पत्र उद्यानाचे अधीक्षक श्री. न्यामेक्ये यांना. उत्तर आलं, आणि पंधरा दिवसांत आलं, त्यामुळे पोस्टमास्तर खूश झाले. उत्तरात म्हटलं होतं की उद्यान सर्वांचं आहे, सूचना स्तुत्य आहे, पायऱ्या उद्यानाच्याच आहेत. परंतु पायऱ्यांपुढचं गटार रस्ते विभागाचं असल्याने पायऱ्यांशेजारी उतार केला तरी तो गटारात जाऊन संपेल. मग पत्र रस्ते विभागाचे इंजिनियर कुमी यांना. कुमींचं म्हणणं, गटार आमचं, पण त्यावर टाकायची फरशी ही उद्यानाची वहिवाट. आणि तसंही गटार आणि फाटक यांच्या मधली दोन हात जमीन ना आमची ना त्यांची, ती नानांच्या गादीची. दोन्ही पत्रांच्या शेवटी एकच वाक्य होतं, की काम तिन्ही पक्षांच्या भागीदारीतून व्हावं. भागीदारी हा शब्द पोस्टमास्तरांना फार आवडला. त्याचा आमच्याकडे अर्थ काय होतो, हे कळायला त्यांना पुढचे आठ महिने लागले.

नाना म्हणजे आमचे राजे. त्यांना पत्र चालत नाही, बाटली लागते. पोस्टमास्तर रीतसर जिनची बाटली घेऊन राजवाड्यात गेले, बसले, आधी पाणी प्याले, कारण पाणी प्यायल्याशिवाय आल्याचं कारण सांगायचं नसतं. मग दरबारी प्रवक्ते ओपानिन देबरा यांनी काठी सावरून कारण विचारलं. नाना समोर हाताच्या अंतरावर बसलेले, कान ठणठणीत. पण राजाशी थेट बोलायचं नसतं. प्रवक्त्याला सांगायचं, मग तो तेच अधिक चांगल्या शब्दांत सांगतो. पोस्टमास्तरांनी गटार सांगितलं. ओपानिन देबरांच्या तोंडी त्याची नदी झाली, तीन पायऱ्यांचा डोंगर झाला आणि मॅडम पैलतीरावर उभ्या राहिल्या. पोस्टमास्तरांच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. नानांनी प्रवक्त्यामार्फत उत्तर दिलं, की ती जमीन पूर्वजांची, त्यांना विचारल्याशिवाय कुदळ लावता येणार नाही. विचारायचा दिवस बेचाळीस दिवसांतून एकदा येतो आणि तो परवाच होऊन गेला; पुढच्या वेळी विचारायचं, तर आधी तिन्ही पक्षांनी मिळून जागा बघायला हवी. शिवाय गुरुवारी भूमातेची विश्रांती, त्या दिवशी तर खणायचं नावच काढायचं नाही.

दरम्यान मॅडमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी उत्साहाच्या भरात एक ट्रक मुरूम आणि सिमेंटच्या गोण्या फाटकाशी आणून टाकल्या. तिन्ही पक्षांनी ताबडतोब तीन वेगवेगळी पत्रं पाठवून या साहित्याला हात लावायला मनाई केली. या एका बाबतीत मात्र भागीदारी चोख झाली. मुरमावर गवत उगवलं. गवतात फाउस्टीनाबाईंची शेळी चरायला लागली.

सगळ्यांनी एकत्र येऊन जागा बघावी, म्हणून पोस्टमास्तरांनी चार वेळा तारीख ठरवली. पहिल्या वेळी न्यामेक्ये मयताला गेले होते. दुसऱ्या वेळी कुमी. तिसऱ्या वेळी ओपानिन देबरा. चौथ्या वेळी स्वतः पोस्टमास्तरांनाच एका मयताला जावं लागलं आणि बाकीचे तिघे आपापल्या वेळी एकेकटे येऊन, कुणीच नाही बघून परत गेले, असं त्यांना नंतर कळलं. मयत आमच्याकडे तारीख ठरवून, पोस्टर लावून, शनिवारी होतं, आणि ते असं कारण आहे की त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. माणूस लग्न चुकवेल, कोर्टाची तारीख चुकवेल, बाळाचं बारसं चुकवेल, पण शनिवारचं मयत चुकवणार नाही.

चौदा पत्रं झाली. मॅडम व्हरांड्यात बसून पुस्तकातली झाडं बघत, आणि दर पहिल्या शनिवारी पहाटे उठून, कपडे करून, एका पायात चप्पल घालून तयार होत. सातला चप्पल काढत. पोस्टमास्तरांना ते बघवत नसे. त्या दिवशी ते घरातून लवकर बाहेर पडत आणि उगाच पोस्टासमोरून चक्कर मारून येत.

शेजारच्या फाउस्टीनाबाई वाकये विकत, म्हणजे चवळी-भात, आणि त्याच्या पुड्याबरोबर सल्ला फुकट देत. त्या म्हणाल्या, "मास्तर, पत्रं कोण वाचतं? कार्यक्रम ठेवा. फाटकासमोर मांडव घाला, पोस्टर लावा. चार लोक जमले की साहेबांना लाज वाटते." पोस्टमास्तरांना हे पटलं, याचं त्यांना पुढे बरेच दिवस आश्चर्य वाटत राहिलं. त्यांनी तारीख बघितली आणि चमत्कार म्हणजे येत्या पहिल्या शनिवारी गावात एकही मयत नव्हतं. त्यांनी मांडववाल्याला सांगितलं, खुर्च्या सांगितल्या, आणि पोस्टरसाठी एबोच्या छापखान्यात गेले.

छापखान्याचं नाव 'देव उशीर करत नाही प्रिंटिंग वर्क्स'. देव करत नसेल, एबो करायचा. पण काम सुबक. पोस्टमास्तरांनी त्याला दोन पानी मजकूर दिला: निसर्ग सर्वांचा कसा, भागीदारी म्हणजे काय, शनिवारी सकाळी नऊला उद्यानाच्या फाटकापाशी सभा आणि त्यानंतर निसर्गफेरी. एबो म्हणाला एवढं मावणार नाही, मी बघतो. फोटो मागितला. पोस्टमास्तरांनी ताईचा पदवीदानाच्या झग्यातला फोटो दिला, कारण त्यात ती हसलेली होती आणि असे फोटो घरात दुसरे नव्हते. छापलेलं आधी दाखव, असं सांगायला ते विसरले. मयताच्या पोस्टरशिवाय एबोने गेल्या अकरा वर्षांत काहीही छापलेलं नव्हतं, ही गोष्टही त्यांच्या ध्यानात आली नाही.

बुधवारी सकाळी पोस्टमास्तर पावाला बाहेर पडले आणि विजेच्या खांबावरून ताई त्यांच्याकडे बघून हसली. भोवती काळी-लाल किनार. दोन कोपऱ्यांत दोन मेणबत्त्या. वर मोठ्या अक्षरांत 'देवाघरचं बोलावणं'. खाली 'मॅडम दोर्कास ट्वुम, वय ८७', कारण आधीच्या पोस्टरवरचे कुणी आजोबा सत्याऐंशीचे होते आणि तो आकडा बदलायचा राहिला होता. त्याखाली 'मुख्य शोककर्ते: क्वाकू ट्वुम, निवृत्त पोस्टमास्तर'. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'शनिवार सकाळी नऊ, उद्यानाचं फाटक. त्यानंतर निसर्गफेरी.' दोन पानांतलं एवढंच उरलं होतं. पुढच्या खांबावरही ताई होती, त्याच्या पुढच्याही, आणि चर्चच्या भिंतीवर तर चार ओळींत वीस ताया होत्या.

ते तडक छापखान्यात गेले. एबोला झाल्या प्रकाराचं खरंच वाईट वाटलं. म्हणाला, "मास्तर, मजकूर मी वाचलाच नाही हो. फोटो बघितला, वय झालेलं माणूस, शनिवार, मांडव. हात आपोआप चालला." मग जरा थांबून त्याने विचारलं की छपाई कशी वाटली.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. पोस्टमास्तरांच्या स्वाभिमानाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट अशी, की ताई कशाने गेली हे एकानेही विचारलं नाही. सगळ्यांची तक्रार एकच, आम्हाला आधी का कळवलं नाही. कुमासीहून कुटुंबप्रमुख फ्रेम्पाँगमामांचा फोन आला. मामा नव्वदीचे, आवाज अजून खणखणीत.

"माझी भाची जाते आणि मला लोकांकडून कळतं?"

"मामा, ताई गेलेली नाही. व्हरांड्यात बसून शेंगा सोलतेय."

"ते मागाहून बघू. आधी सांग, घराण्याच्या प्रमुखाला न विचारता तारीख ठरवलीस कशी?"

पोस्टमास्तरांनी माफी मागितली. कशाची ते त्यांनाही नीट कळलं नाही. मामांनी मोठ्या मनाने माफ केलं आणि दोन गाड्या भरून माणसं आणतो म्हणाले.

ताईला कळू द्यायचं नाही, असं पोस्टमास्तरांनी ठरवलं होतं. पण संध्याकाळी फाउस्टीनाबाई पदर डोळ्यांना लावून, मोठ्याने रडत, सांत्वनाला म्हणून घरात शिरल्या. त्याही बाई अजब. रोज सकाळी त्या मॅडमना समोरून बघत, त्या दिवशीही बघितलं होतं. पण छापलेलं ते खरं, असा त्यांचा हिशेब. व्हरांड्यात मॅडम दिसल्यावर त्यांचं रडणं मधेच अडकलं आणि हातातलं पोस्टर खाली पडलं. मॅडमनी ते काठीने ओढून घेतलं, चष्मा लावला, आणि वाचलं. मग लाल पेन मागितलं. वयाचा आकडा खोडून चौऱ्याहत्तर केला. मेणबत्त्यांवर फुली मारली. 'निसर्गफेरी' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

पोस्टमास्तर मान खाली घालून उभे होते. म्हणाले, "उद्याच्या उद्या सगळी पोस्टरं काढतो ताई. मांडव रद्द करतो. तोंड दाखवायला जागा नाही उरली."

मॅडम आधी हसल्या. इतक्या हसल्या की खुर्चीची चाकं हलली आणि शेंगा सांडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "कोण कोण येणार आहे?"

"सगळे."

"कुमी?"

"रजा टाकलीय त्याने. मयताचं कापड शिवायला दिलंय."

"न्यामेक्ये? नाना?"

"न्यामेक्ये येणार. नाना छत्रीसकट येणार. ढोलांसकट."

मॅडमनी पोस्टरची नीट घडी घातली. "मग रद्द कशाला करतोस? चौदा पत्रांनी जे तिघे एका जागी आले नाहीत, ते येतायत. पण लबाडी नको. मी जिवंत आहे हे सगळ्यांना सांग. सांगूनही आले, तर आपला दोष नाही."

पोस्टमास्तरांनी कर्तव्य म्हणून शुक्रवारी भोंग्याची गाडी ठरवली. गाडी दिवसभर गावातून ओरडत फिरली, मॅडम दोर्कास ट्वुम जिवंत आहेत, मॅडम दोर्कास ट्वुम जिवंत आहेत. रस्त्याकडेच्या बाया हातातलं काम थांबवून म्हणत, "आमेन."

शनिवारी सकाळी उद्यानाच्या फाटकासमोर अफ्रामासेने तोपर्यंत न बघितलेली गर्दी झाली. मांडववाल्याने सांगितल्याच्या दुप्पट मांडव आणले होते, मॅडमनी त्याला दहावीत पास केलं होतं म्हणून. काळी-लाल कापडं, बँड, भाताचे डबे, फ्रेम्पाँगमामांची दोन गाड्यांतली माणसं. शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या सहा जणांचं पथक पांढरे हातमोजे घालून आपणहून आलं होतं. त्यांचा कॅप्टन पोस्टमास्तरांना बाजूला घेऊन हळूच विचारत होता, पेटी कुठाय. एका मांडवात पहिल्या रांगेत एका बाजूला न्यामेक्ये, दुसऱ्या बाजूला कुमी, आणि मधे मोठ्या छत्रीखाली नाना, बाजूला काठी घेतलेले ओपानिन देबरा. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिन्ही पक्ष हाताच्या अंतरावर बसले होते. पोस्टमास्तरांनी बगलेतली चौदा पत्रांची फाइल घट्ट धरली.

नऊ वाजता मॅडम आल्या. रस्त्याच्या कडेने, स्वतःची चाकं स्वतः फिरवत, पांढऱ्याशुभ्र, म्हणजे आमच्याकडच्या आनंदाच्या कापडात. बँड एकदम थांबला. एक तुतारीवाला डोळे मिटून वाजवत होता, तो तेवढा थोडा वेळ चालू राहिला. कुणी किंचाळलं, कुणी खुर्चीखाली सावली पडतेय का बघितलं. मॅडमनी तिकडे लक्ष दिलं नाही. मयताच्या मांडवात आल्यावर उजवीकडून सुरू करून ओळीने सगळ्यांशी हात मिळवायचा असतो, तो त्या मिळवत निघाल्या. प्रत्येकाला आल्याबद्दल धन्यवाद दिले. समोर हात आल्यावर तो न मिळवायची कुणाची छाती नव्हती, मग तो हात कुणाचाही असो. कुमीच्या हाताला घाम सुटला होता, असं मॅडमनी नंतर सांगितलं.

मग नानांची छत्री हलली. राजाला मयताला बोलवायचं आणि मयतच नसायचं, हा आमच्याकडे साधासुधा गुन्हा नाही. पोस्टमास्तरांना वाटलं, आता आपली अडतीस वर्षांची अब्रू या गटारातून वाहून जाणार.

ओपानिन देबरा काठी टेकून उभे राहिले. "नाना विचारतात, आम्हाला शोकाला बोलावलंत. इथे मेलंय कोण?"

मॅडमनी खुर्ची पुढे घेतली, आणि रीतीप्रमाणे नानांकडे न बघता प्रवक्त्याकडे बघून बोलल्या.

"नानांना सांगा, माझी फेरी मेली. बावीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी या फाटकाशी गेली. तेव्हा रडायला कुणी आलं नाही. आज आलात, बरं केलंत."

ओपानिन देबरांचं काम ते वाक्य आणखी सुंदर करून सांगायचं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि जन्मात पहिल्यांदाच जसंच्या तसं सांगितलं. फाउस्टीनाबाई पुन्हा रडायला लागल्या, आणि या वेळी त्यांचं रडणं योग्य ठिकाणी होतं.

नानांनी हाताने खूण केली. मग प्रवक्त्याच्या कानाशी काही बोलले. निकाल असा: राजाला विनामयत शोकाला बोलावल्याबद्दल पोस्टमास्तरांनी एक मेंढा द्यावा. तो मेंढा आज इथे काम करणाऱ्यांनी खावा. पूर्वजांना आत्ता, याच क्षणी विचारण्यात येईल, कारण आज गुरुवार नाही. लगेच बाटली मागवली गेली, जमिनीवर धार सोडली गेली, आणि पूर्वजांनी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत.

मग ओपानिन देबरांनी विचारलं, "नाना विचारतात, गटार कुणाचं?"

आठ महिने काम आपलं नाही म्हणून सांगणारे दोन अधिकारी एकदम उभे राहिले. कुमी म्हणाला आमचं. न्यामेक्ये म्हणाला, गटार त्यांचं असेल, पण फरशी आमची, आणि पायऱ्यांशेजारची जागाही आमची. दोघांची जुंपायची वेळ आली. राजासमोर, सगळ्या गावासमोर, काम आपलं म्हणायला मिळतंय तर कोण मागे राहील? पोस्टमास्तरांनी संधी साधली. फाइल उघडली, चौदावं पत्र पुढे केलं, खिशातून शाईचा पॅड काढला आणि म्हणाले, "इथे सही. इथे शिक्का. प्रत मला." दोघांचे शिक्के त्यांच्या खिशातच होते, आमचे अधिकारी मयतालाही शिक्क्याशिवाय जात नाहीत. अडतीस वर्षांच्या नोकरीत पोस्टमास्तरांना एवढं समाधान मिळालं नव्हतं. त्यांनी शाईवर फुंकर मारली.

नाचणाऱ्या पथकाचा कॅप्टन मॅडमसमोर वाकून म्हणाला, कशाला एवढी खटपट, आम्ही सहा जण आहोत, बँड आहे, खुर्चीसकट उचलून नाचत आत नेतो, तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

"खांद्यावर मी एकदाच जाणार आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि ते आज नाही. मुरूम वाहा."

सहा जणांनी हातमोजे काढून खिशात घातले. गवत उपटलं गेलं, शेळी हाकलली गेली. बँडने ठेका धरला आणि घमेली डोक्यावर घेऊन पथक नाचत नाचत मुरूम टाकायला लागलं. त्यांना नुसतं चालता येतच नसावं. मांडववाल्याने व्यासपीठाच्या जाड फळ्या गटारावर आडव्या टाकल्या. सिमेंट वाळायला आठ दिवस लागतात, ते आजच्या मापावर पुढच्या आठवड्यात होईल, असं कुमी म्हणाला. माप मात्र त्याने सोडलं नाही. एक हात चढायला बारा हात लांबी हवी, त्याहून कमी नाही, नाहीतर खुर्ची मागे येते, असं म्हणत तो काळ्या-लाल कापडात गुडघ्यांवर बसून सुतळी धरत होता. न्यामेक्येने दुसरं टोक धरलं होतं. मयतात आहेर जाहीर करणारा माणूस कामाला आलेलाच होता. त्याने भोंग्यावर जाहीर केलं, कुमासीच्या फ्रेम्पाँग घराण्याकडून अकरा घमेली, 'देव उशीर करत नाही प्रिंटिंग वर्क्स'कडून तीन. एबो मान खाली घालून आणखी चार घेऊन आला.

तीन वाजता उतार तयार झाला. फळ्यांवरून, मग पायऱ्यांच्या शेजारून कुंपणाच्या कडेकडेने आडवा, फाटकापर्यंत, नीट ठोकलेला. सगळे बाजूला झाले.

मॅडम फळ्यांवर आल्या. फळ्या वाजल्या, पण हलल्या नाहीत. मग चढ लागला. अर्ध्यावर डावं चाक ताज्या मुरमात रुतलं आणि खुर्ची थांबली. सगळा जमाव एकदम पुढे झुकला. पोस्टमास्तर तर दोन पावलं पुढे गेलेच.

"क्वाकू," मॅडम मागे न बघता म्हणाल्या, "हात लावू नकोस."

पोस्टमास्तर थांबले. स्वतःचे हात त्यांनी स्वतःच्याच पाठीमागे धरून ठेवले. मॅडमनी श्वास घेतला, पुढे वाकल्या, आणि चाकांवर जोर दिला. दंड थरथरताना मागून दिसत होते. चाक निघालं. एकेक वीत करत खुर्ची वर गेली, फाटकाच्या लोखंडी पट्टीवर एकदा उडाली आणि आत उतरली.

आत अंधशाळेची मुलं कधीची येऊन उभी होती. मॅडमनी जवळच्या झुडपाचं एक पान तोडलं, चुरगळलं आणि पहिल्या हातात ठेवलं. मागे फाटकातून काळ्या-लाल कापडातलं गाव आत येत होतं, आणि मॅडमनी सगळ्यात आधी इंजिनियर कुमीला बोलणं बंद करायला सांगितलं. फेरी सुरू झाली.

पोस्टमास्तर बाहेरच राहिले. मांडव आवरायचे होते, मेंढ्याचं बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांतून पाणी इतकं येत होतं की माणसांत जायची सोय नव्हती. आनंद झाला की त्यांना असंच होई.

"क्वाकू, तू बाहेर काय करतोयस?" आतून आवाज आला.

"ताई, तुम्ही व्हा पुढे. मला फेरीतलं काय कळतंय."

आणि ते खरं होतं. या फाटकासाठी त्यांनी चौदा पत्रं लिहिली होती, पण बावीस वर्षांत ते एकदाही फेरीला गेले नव्हते. शनिवारी पोस्ट अर्धा दिवस उघडं असायचं. ताईने कितीदा बोलावलं, त्यांनी कितीदा पुढच्या महिन्यावर ढकललं, याची मोजदाद त्यांनी ठेवलेली नव्हती.

"एक माणूस मागे राहिला तर मी फेरी पुढे नेत नाही," ताई म्हणाल्या. "सगळे खोळंबलेत. ये."

फाटकातून बघितलं तर खरंच सगळे थांबले होते. नाना थांबले होते, मामा थांबले होते, पोरं पान हुंगत थांबली होती. पोस्टमास्तरांनी फाइल खुर्चीवर ठेवली. चप्पल झटकली. पायऱ्या तिथेच होत्या, मोकळ्या, अगदी समोर. ते बाजूने गेले, फळ्यांवर आले, आणि ताईच्या चाकांच्या खुणांवरून चढत आत गेले.